पंधरावा घटक

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर बिल्ल्यासारखी छातीवर मिरवतो. आता आमची पोरं आणि सुना खरोखरच जर्मनीत गेल्यामुळे म्हणीची दोन्ही टोकं एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आहेत.

समजा, त्यातल्या एका वहिनींनी तिथं धपाट्यांचे डबे सुरू करायचं मनावर घेतलं. परभणीत या धंद्याला तवा, परात आणि एक बोलकी शेजारीण पुरते. जर्मनीत आधी कागद. नोकरीच्या व्हिसावर असाल तर स्वतंत्र धंद्याची वेगळी परवानगी. मग नगरपालिकेत धंद्याची नोंद. मग आरोग्य खात्याची सक्तीची शिकवणी. पोट बिघडलेलं असताना कणकेत हात घालू नये, हे तिथं सरकार समजावून सांगतं. घरचा ओटा चालेल की नाही, हे ठरवणार तपासनीस.

एवढं करून वहिनी तवा तापवतात, तोवर अॅलर्जीची यादी समोर येते. युरोपात 13 डिसेंबर 2014 पासून सुट्या पदार्थांतही 14 घटक सांगणं बंधनकारक आहे. धपाट्यात मिसळलेला गहू यादीत आहे. वरचे तीळ आहेत. सोबतचं दही आहे. शेंगदाण्याची चटणी आहे, आणि फोडणीतली मोहरीसुद्धा आहे! हिंगात गव्हाचं पीठ निघालं, तर हिंगही आरोपीच्या पिंजऱ्यात. सुटली ती फक्त ज्वारी. तिच्यात ग्लुटेन नाही. आमच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' ही ज्वारीची जात दिली, लोह आणि जस्त वाढवलेली 'परभणी शक्ती' दिली. भाकरीकडे बोट दाखवायला जर्मनांनाही जागा नाही.

वहिनींना खरा त्रास होतो तो पंधराव्या घटकाचा. तो यादीत नसतो, गिऱ्हाइकात असतो. जर्मन शेजारी दर वाचतो आणि पैसे देतो. आपलं माणूस म्हणतं, "वहिनी, आपल्याला काय लावणार? घरचंच तर आहे!" हे 'घरचंच' म्हणजे पीठ घरचं, गॅस घरचा, पहाटे पाचला उठणारी बाईही घरचीच, हिशेब तेवढा परका.

हा घटक निर्यात झाला आपल्याकडूनच. 1975 मध्ये मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गाव सोडून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना त्यांनी सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेलं. बँकेला पटलं की हा धंदा आहे. घरच्यांना पटायला अजून वेळ लागतोय. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाला 100 रुपयांत नोंदणी दिली. तरी परभणीत एखादी बाई दिवसाला शंभर भाकरी थापत असली, तर तिचा नवरा सांगतो, "काही करत नाही, घरीच असते."

जर्मनीचा कायदा किचकट असेल, पण तो वहिनींना व्यावसायिक म्हणतो. आपण तेवढंही म्हणत नाही. तेव्हा पुढचा डबा मागवताना दर विचारा, सांगतील तेवढे पैसे द्या, आणि डबा घासून परत करा.