वेटिंग लिस्टचे बिट

फ्रेम रिलेइतकं स्पष्टवक्तं नेटवर्क मी पुन्हा पाहिलं नाही. लाइन देणारे आधीच सांगायचे: सेकंदाला 64 हजार बिट नेण्याची हमी, वर जास्त पाठवलेत तर जमेल तसे नेऊ, पण गर्दी झाली की आधी तेच टाकू. अशा जादा फ्रेमवर डीई नावाचा एक बिट चढायचा. वेटिंग लिस्टचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात शिरलेला प्रवासीच तो. टीसी येईपर्यंत खिडकी त्याची.

हमीचा दर, म्हणजे सीआयआर, सेकंदाचा. राउटर मात्र हप्त्यांवर जगतो. 64 हजारांच्या सीआयआरला 8 हजारांचा बर्स्ट, म्हणजे एका हप्त्यात सोडायचे बिट, दिला की हप्ता होतो 125 मिलिसेकंदांचा. पोर्ट 128 केबीपीएसचं असलं तर राउटर ते 8 हजार निम्म्या वेळातच उडवतो आणि पुढे हात बांधून बसतो. पंधरा तारखेला पगार संपवणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. (मला तर नाहीच.) डेटाला असे उपास सोसतात, आवाजाला नाही. फोनवर साहेब तुटक ऐकू यायला लागले की बर्स्ट 640 वर आणायचा. हप्ता 10 मिलिसेकंदांचा. पगार बंद, रोजंदारी सुरू.

इथवर सगळं गणित. खरी गंमत प्रायॉरिटी क्यूंची. सिस्कोच्या तेव्हाच्या राउटरमध्ये त्या चार: हाय, मीडियम, नॉर्मल, लो. हायमध्ये एक जरी पॅकेट असलं तरी खालच्यांकडे कोणी बघत नाही. आणि त्यांत मुळात मावणारी पॅकेटं अनुक्रमे 20, 40, 60, 80. ज्याला शेवटी सोडायचं, त्याला बसायला सगळ्यात ऐसपैस खोली! हे ठरवणारा माणूस कधीतरी सरकारी कचेरीत रांगेला उभा राहिला असणार.

एका शाखेच्या राउटरवर मी मोठ्या ऐटीत डेटाबेस हायमध्ये टाकला आणि ईमेल लोमध्ये. मेल काय, दहा मिनिटं उशिरा गेली तर कुणाचं अडतं? त्या दिवशी नेमकी महिनाअखेर. शाखेचा डेटाबेस सकाळपासून मुख्य कार्यालयाकडे वाहत होता, हाय क्यू रिकामी म्हणून होईना. माझ्याकडे मात्र एकही तक्रार नाही. मी खूश. संध्याकाळी वेळेवर घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मेल उघडली. शाखेतून तक्रार आलेली होती: "मेल जात नाहीत, कृपया ताबडतोब पाहावे." लिहिली होती सकाळी अकराला. पोहोचली होती रात्री साडेआठला.