पुढील वीस स्थळं

एका वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. मानधन शून्य, चहा भरपूर. कोड माझ्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेला, तक्रारी मात्र माझ्या नावावर जमा होतात. त्यातली सगळ्यात गंभीर तक्रार एका काकूंची. "अरे, हा चिंचवडचा इंजिनिअर मुलगा पहिल्या पानावरही आहे आणि दुसऱ्यावरही. एवढी कसली घाई झालीये त्याला? काही भानगड नाही ना?"

मुलगा निर्दोष होता. मंडळाकडे 241 स्थळं, एका पानावर 20, नवी नोंदणी सगळ्यात वर. काकू एकेक स्थळ गोत्र-नाडीसकट वाचतात. पहिलं पान संपायला सहज अर्धा तास. तेवढ्यात वर एक नवं स्थळ येऊन बसलं, सगळे एकेक जागा खाली सरकले आणि विसावा मुलगा एकविसावा होऊन दुसऱ्या पानावर काकूंना पुन्हा सामोरा गेला.

याच्या उलट झालं की जास्त वाईट. कुणाचं तरी लग्न ठरतं, नाव निघतं, खालचे वर सरकतात. एकविसावा पहिल्या पानावर जातो, आणि ते पान काकूंनी मघाशीच उलटलेलं असतं. लग्न ठरलं एकाचं, गायब झाला भलताच. पुढे त्याचं जमेना की खापर मंगळावर फुटतं. कोडमधल्या ऑफसेटला कुणी जाब विचारत नाही.

ऑफसेट म्हणजे डेटाबेसला सांगायचं, इतके सोड आणि पुढचे वीस दे. पानाच्या आकड्यातून एक वजा करून विसाने गुणायचं; 13वं पान हवं तर 240 सोड. डेटाबेस बापडा ते 240 आधी मोजतो आणि मग टाकून देतो. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याने दर फेरीला पहिल्या पाटापासून मोजत यावं, तसं. शहाणा वाढपी आपण कुणापाशी थांबलो ते लक्षात ठेवतो आणि त्याच्या शेजारून सुरू करतो. कोडमध्येही हे जमतं: शेवटी दाखवलेल्या स्थळाचा नोंदणी क्रमांक धरायचा आणि 'याच्या आधी नोंदलेले वीस दे' म्हणायचं. मग वर कुणी येवो वा जावो, काकूंचा क्रम ढळत नाही. नुसत्या तारखेवर विसंबलात तर मात्र फसाल. मेळाव्याच्या दिवशी साठ-सत्तर नोंदी एकाच तारखेच्या. त्यांच्यात आधी कोण, याचं उत्तर डेटाबेस दर वेळी तेच देईल याची हमी नसते.

हे सगळं मी सचिवांना समजावलं. सचिव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला थेट सातवं पान उघडता येणार नाही?" नाही. "मग ते पान कसलं?"

यावर त्यांच्या भाच्याने तोडगा काढला: पानंच नकोत, बोटाने सरकवत राहायचं. ही युक्ती अझा रास्किन यांनी 2006 मध्ये काढली आणि पुढे त्यांनाच तिचा पश्चात्ताप झाला. गूगलनेही शोधाच्या निकालांना ती लावली, 2021 मध्ये मोबाइलवर, पुढच्या वर्षी संगणकावर. 2024 मध्ये काढून टाकली. आमची अडचण साधी होती. मंडळाचा फोन नंबर सगळ्यात तळाला. त्याच्या जवळ पोचावं तर आणखी वीस मुलं येत आणि नंबर खाली पळे.

शेवटी तह झाला. 'पुढे' हे बटण काकूंसाठी, नोंदणी क्रमांकावर चालणारं. पानांचे आकडे सचिवांसाठी, ऑफसेटवरच. 241 नावांना डेटाबेसला घाम फुटत नाही, लाखांत गेली की बघू.

पालकांना एकच विनंती. तिसऱ्या पानापुढे तुम्ही कुणी जात नाही, हे मला आकड्यांवरून दिसतं. एकदा 13वं पान उघडा. तिथे एकच मुलगा आहे, मंडळाचा सगळ्यात जुना सभासद. नोकरी पक्की आहे, स्वभाव शांत आहे, आणि मंगळही नाही.