नदी कुठंय?

आईबाबा दुबईला यायचे ठरल्यावर मी नाशिकला फोन करून पहिली ताकीद दिली ती खसखशीची. इथं खसखस आणायला बंदी आहे. विमानतळावर सापडली तर सरळ अमली पदार्थांचं प्रकरण. पलीकडे आई गप्प. अनारसे दोन डबे तयार होते.

"अरे, खसखशीशिवाय अनारसा म्हणजे काय, धिरडं?"

अनारसे शेजारी गेले, बॅगेत चिवडा आला.

बाबा पाटबंधारे खात्यातले. उभी नोकरी गंगापूर धरण, कालवे, चाऱ्या यांत गेली. विमानतळाबाहेर पडताच त्यांनी चौफेर बघून विचारलं, "नदी कुठंय?"

"इथं नदी नाही, बाबा. समुद्राचं पाणी गोडं करून पितात."

"एकही नाही? आणि तू न बघताच राहायला आलास?" सोयरीक जमवताना घरात विहीर आहे का एवढंही न विचारणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी खाडी दाखवायला नेलं. बर दुबईहून देऱ्याला जाणारी लाकडी होडी, अब्रा. भाडं माणशी एक दिरहम. नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगाच, आणि आईच्या लेखी पाणी, होडी न् काठावर बाजार एवढं जमलं की कुठलंही पाणी गंगाच. मधोमध पोचल्यावर तिने डोळे मिटले, हात जोडले आणि मुठीतलं नाणं पाण्यात सोडलं.

"अगं, खाडी आहे ती! तेवीस रुपये गेले!"

"पाण्याला काय कळतंय खाडी का नदी."

तो तिच्या भाड्याचा दिरहम होता. नावाडी हात पुढे करून उभाच.

मेट्रोत तिने चिवड्याच्या पिशवीची गाठ सोडली तेव्हा मी अक्षरशः झडप घातली. डब्यात खाल्लं तर दंड शंभर दिरहम! तेवढ्यात किती किलो चिवडा येतो, हा हिशोब बाबांनी पुढच्या स्टेशनापर्यंत पुरा केला.

मग बुर्ज खलिफा. ८२८ मीटर, जगात सगळ्यात उंच, तिकिटावर वेळ छापलेली. रस्ता ओलांडून मागे बघतो तर बाबा गायब. सापडले ते दुभाजकापाशी उकिडवे बसलेले, बोटांत काळी नळी.

"सोळा एमएमची लॅटरल आहे. पण या तिसऱ्या खजुराचा ड्रिपर चोक झालाय." आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यांनी त्या खजुराला घातलं. माळी धावत आला. मला वाटलं, आता आणखी एक दंड. पण दोघांची हिंदी सारखीच मोडकी निघाली आणि अर्धा तास ठिबकवर चर्चा झाली.

१२४व्या मजल्यावर पोचलो तेव्हा आई काचेला नाक लावून उभी, बाबा मात्र जांभया देत होते. या इमारतीच्या एसीतून ठिबकणारं पाणी गोळा करून खालच्या बागेला देतात, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे इमारतीला घाम येतो आणि झाडं पितात! हे आधी सांगायचं, लेका."

राहिलं वाळवंट. ड्रायव्हरने टायरमधली हवा कमी केली, आईने "पंक्चर?" विचारलं आणि पहिल्या उतारालाच रामरक्षा सुरू केली. गाडी थांबली तेव्हा क्षितिजापर्यंत नुसती वाळू. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हिचा लिलाव कोण घेतं?"

"कोणीच नाही."

त्यांनी मूठभर वाळू तळहातावर चोळली. "गुळगुळीत आहे, सिमेंट धरायची नाही. म्हणून राहिलीय. नाहीतर एका रात्रीत ट्रॅक्टर लागले असते."

नाशिकला पोचल्यावर बाबांचा फोन आला. प्रवास, तब्येत, काही नाही. "त्या तिसऱ्या खजुराचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून बघून आलो. "सुटला बाबा, ठिबकतोय."

"बरं. मग चौथा?"