पापाची आधाररेषा

पर्यावरणस्नेही सवयी लावणारे सामाजिक ॲप उभारणे हा अलीकडे नवउद्योजक, महापालिका आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी या तिघांचाही आवडता उपक्रम झाला असून, त्यामागचे गृहीतक असे आहे की मनुष्य पृथ्वीसाठी पंखा बंद करणार नाही, परंतु शेजाऱ्यापेक्षा वरचा क्रमांक मिळणार असेल तर स्वतःचाच काय, शेजाऱ्याचाही पंखा बंद करून येईल. मानवी स्वभावाचे हे निदान चुकीचे म्हणता येत नाही. चीनमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये अलीपे या पैसे भरण्याच्या ॲपात सुरू झालेले ‘अँट फॉरेस्ट’ याच पायावर उभे आहे. वापरकर्ता पायी चालला किंवा त्याने बिल ऑनलाइन भरले, की त्याच्या खात्यात ग्रॅममध्ये मोजलेली ‘हरित ऊर्जा’ जमा होते, ती पुरेशी साठली की पडद्यावरचे रोप मोठे होते आणि मग इनर मंगोलिया किंवा गान्सूच्या रुक्ष भूमीत खरे झाड लावले जाते. खरी कल्पकता मात्र पुढेच आहे. ही ऊर्जा वेळेवर उचलली नाही तर मित्रांना ती चोरता येते, त्यामुळे सकाळी डोळे उघडताच परक्याच्या पुण्यावर डल्ला मारण्याचा छंद असंख्य लोकांना जडला, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘अँट फॉरेस्ट’ला ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला तोवर सुमारे १२ कोटी झाडांचा हिशेब मांडला गेला होता. चोरीतून वनीकरण हा क्रम आपल्याकडे नवा वाटेल, कारण येथे वनीकरणातून चोरी हाच क्रम अधिक परिचित आहे.

स्वदेशी ॲपांपुढील मूळ अडचण पुराव्याची असते. सवय ही दिसणारी वस्तू नव्हे, म्हणून तिच्या जागी छायाचित्र मागितले जाते, आणि एकदा ते मागितले गेले की छायाचित्र हीच सवय बनते. कापडी पिशवीत टोमॅटो पडतानाचा क्षण नीट टिपला गेला नाही म्हणून भाजीवाल्याला ते पुन्हा तागडीत ओतायला लावणारा नागरिक हा या व्यवस्थेचा अपवाद नसून तिचे उत्तम फलित होय. ‘स्ट्रीक’, म्हणजे एकही दिवस न चुकवता केलेल्या नोंदींची साखळी, तुटू नये यासाठी घरी ओला कचरा नसलेल्या दिवशी शेजाऱ्यांची बादली उसनी आणली जाते. व्यक्तीने आपापला कार्बन मोजत बसावे ही कल्पना लोकप्रिय करण्यात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या २००४ च्या सुमाराच्या जाहिरात मोहिमेचा मोठा वाटा होता, हे लक्षात घेतल्यास बादलीचे हे आदानप्रदान फारसे आश्चर्यकारक वाटू नये.

परंतु सवयींना गुण देण्याच्या या शास्त्राचा गाभा वेगळाच आहे. १९९७ च्या क्योटो करारातून आलेल्या कार्बन-श्रेयाच्या व्यवहारात ‘अतिरिक्तता’ नावाचे तत्त्व असते, ज्याचा अर्थ असा की जी बचत अन्यथाही झालीच असती, तिचे श्रेय कोणालाही मिळत नाही. त्यासाठी ‘आधाररेषा’ ठरवावी लागते, म्हणजे सुधारणा झाली नसती तर किती धूर निघाला असता याचा, बहुधा आधीच्या नोंदीवरून बांधलेला, अंदाज. कारखान्यांच्या बाबतीत हे तत्त्व रास्तच आहे, मात्र ॲपाने ते माणसांना लावले की त्यातून एक अपूर्व नीतिशास्त्र जन्माला येते, कारण गुण मिळवण्यासाठी आधी पाप केलेले असणे अनिवार्य ठरते.

एखाद्या जुन्या मराठी स्वयंपाकघरातील आजी दुधाच्या पिशवीला कात्रीने चीर देते, पण कोपरा सुटू देत नाही, पिशवी विसळलेले पांढुरके पाणी चहाच्या आधणात ओतते, पिशवी मोरीवरच्या फरशीला चिकटवून वाळवते आणि गठ्ठा झाला की किलोच्या भावाने रद्दीवाल्याला देते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत अशा पिशवीवर परतखरेदीची किमान ५० पैसे किंमत छापण्याची तरतूद आली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती हे करीत आहे. ॲपाच्या पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे ‘यापूर्वी आपण काय करीत होता?’ याला, तिचे उत्तर ‘हेच’ असे असल्यामुळे तिच्या वर्तनात बदल आढळत नाही, आणि बदल नाही म्हणून गुणही शून्य. याउलट दारात दोन गाड्या असलेला गृहस्थ रविवारी एकीच्या टपावर सायकल बांधून सिंहगडाच्या पायथ्याशी जातो, तेथे तासभर पायडल मारतो आणि आठवड्याचा ‘हरित योद्धा’ ठरतो, कारण ॲपाला सायकल दिसते, टप दिसत नाही.

आजीकडून गठ्ठा नेणारा रद्दीवाला तर ॲपाच्या यादीतच नाही. जन्मभर सायकलीवर फिरून त्याने इतरांच्या घरातील कागद, काच आणि पत्रा पुनर्वापराच्या वाटेला लावला, पण सायकलीखेरीज काही चालवलेलेच नसल्याने त्याला आधाररेषा नाही. या तर्कानुसार त्याला सामावून घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो असा की त्याने प्रथम हप्त्यावर डिझेलचा टेम्पो घ्यावा, सहा महिने तो मनसोक्त पळवून उत्सर्जनाची भक्कम नोंद करावी आणि त्यानंतर पश्चात्ताप होऊन सायकलीकडे परतावे. टेम्पोच्या कर्जाची जाहिरात त्याच ॲपात, पानांफुलांच्या चौकटीत, दाखवता येईल.