रक्त घेतलंत, आता निकाल सांगा

केनियाच्या किनाऱ्यावरचं किलिफी हे तसं लहान गाव, पण बालरोगांवर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना ते ठाऊक असतं. १९८९ पासून तिथे केनियाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था ‘केमरी’ आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट एकत्र काम करतात. आसपासच्या अडीच लाखांहून जास्त माणसांची नोंद घरोघर फिरून ठेवली जाते. कुणाच्या घरी पाळणा हलला, कोण कामासाठी गाव सोडून गेलं, कोण वारलं, सगळं लिहून घेतलं जातं. गेली कित्येक वर्षं ही माणसं प्रश्नांना उत्तरं देत आहेत आणि मुलांच्या बोटातून रक्त काढू देत आहेत.

त्यांनी जगाला काय दिलं आणि त्यांच्या पदरात काय पडलं, याचा हिशेब मागितला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की, अभ्यासाच्या निकालावर पहिला हक्क ज्याने रक्त दिलं त्याचा. शोधनिबंध छापणाऱ्या मासिकाचा नंबर त्याच्यानंतर.

सलाईनचीच गोष्ट घ्या. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, धाप लागलेलं मूल रुग्णालयात आलं की भराभर सलाईन चढवायचं, असं श्रीमंत देशांतली पाठ्यपुस्तकं शिकवत आली. तर्क सरळ होता. रक्ताभिसरण ढासळतंय, तर शिरेत पाणी भरा. अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर हाताशी असलेल्या ठिकाणी हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांच्या रुग्णालयांत यातलं काहीच नसतं. तिथेही हा उपचार सुरू केला तर किती मुलं वाचतील, हे पाहण्यासाठी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत २००९ मध्ये ‘फीस्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. किलिफी त्यातलं एक. प्रमुख संशोधक होत्या डॉ. कॅथरिन मेटलंड. उपचाराचा फायदा होईल, अशीच संशोधकांची अपेक्षा होती. प्रश्न ‘किती’ एवढाच होता.

घडलं उलटं. ज्यांना भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलं, त्या मुलांपैकी पहिल्या ४८ तासांत दर शंभरात साडेदहा दगावली. ज्यांना असा मारा न करता हळूहळू नेहमीपुरतं पाणी दिलं, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ होतं. शंभरामागे तीन मुलं जास्त गेली, आणि तीही ज्या उपचाराने वाचायला हवी होती त्या उपचाराने. देखरेख समितीने जानेवारी २०११ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवायला लावली. तोवर ३१४१ मुलं सामील झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात निकाल छापून आला आणि बालरोगतज्ज्ञांच्या जगात खळबळ उडाली.

हा निकाल लंडनच्या किंवा बोस्टनच्या रुग्णालयातून आला असता, तर एका हिवाळ्यात पाठ्यपुस्तकं बदलली असती, असं माझं ठाम मत आहे. इथे काय झालं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बालरोगांची मार्गदर्शक पुस्तिका नव्याने काढली आणि त्यात जुनाच सल्ला बऱ्याच अंशी कायम ठेवला. संशोधकांनी जाहीरपणे हरकत घेतली. मार्गदर्शक सूचना खऱ्या अर्थाने सुधारल्या त्या २०१६ मध्ये. मधली पाच वर्षं! चाचणीच्या वेळी मुलं मरणाच्या दारात होती. आईबापांना पानंच्या पानं वाचून दाखवायला वेळ नव्हता. म्हणून आधी तोंडी होकार घेतला आणि सविस्तर संमती मागाहून घ्यायची असं ठरलं. इतक्या विश्वासाने, इतक्या घाईत ज्यांनी मूल हवाली केलं, त्यांच्या मुलांमुळे मिळालेलं उत्तर पाच वर्षं कपाटात ठेवणं हा त्या आईबापांचा अपमान आहे. मी याहून सौम्य शब्द वापरणार नाही.

एक शंका नेहमी येते. श्रीमंत देशांतल्या संस्थांनी गरीब देशांत चाचण्या कराव्यात का? माझं उत्तर: कराव्यात, जरूर कराव्यात. मलेरिया तिथे आहे, तर उत्तरही तिथेच शोधायला हवं. ‘फीस्ट’ झाली नसती तर जगभरातल्या साधनहीन रुग्णालयांत पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर मुलं दगावत राहिली असती आणि कुणाला कळलंही नसतं. माझं भांडण अभ्यासाशी नाही. अभ्यास संपल्यावर जी पाठ फिरवली जाते, तिच्याशी आहे.

आणि काही वेळा अभ्यासाच्या आधीच्या वागण्याशीही.

नैरोबीच्या पूर्वेकडची कायोले-सोवेतो ही गरीब वस्ती. जागतिक बँकेच्या मदतीने तिथे नळजोड दिले गेले. बिलं थकली. मग अर्थशास्त्रज्ञांनी पाणीपुरवठा कंपनीबरोबर एक प्रयोग केला. थकबाकीदार घरमालकांपैकी काहींना ‘पैसे भरा, नाहीतर पाणी तोडू’ अशी नोटीस द्यायची आणि न भरल्यास खरंच तोडायचं. नोटीस कुणाला जाणार, हे सोडतीने ठरलं. २०२० मध्ये शोधनिबंध बाहेर आला आणि टीकेची झोड उठली. संशोधकांनी खुलासा केला की, नळ तोडण्याचा अधिकार करारानुसार कंपनीला होताच आणि कंपनी तो आधीपासून वापरतही होती.

असेल. पण बिल मालकाच्या नावावर आणि कोरडा नळ भाडेकरूच्या दारात. त्या भाडेकरूला कुणी विचारलं? केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतलं ४३ वं कलम प्रत्येकाला स्वच्छ आणि पुरेशा पाण्याचा हक्क देतं. वसुली करणं हे कंपनीचं काम आहे, मान्य. वसुलीचा परिणाम मोजण्यासाठी कुणाच्या घरचं पाणी जाणार हे सोडतीवर सोपवणं, हे मात्र मला कधीही मान्य होणार नाही. लहान मुलं असलेल्या घरात पाणी ही चाचणीची गोळी नसते.

सगळ्याच सोडती वाईट, असंही नाही. केनियातल्याच सियाया आणि बोमेट या जिल्ह्यांतली २९५ खेडी घेऊन ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने सोडतीने विनाअट पैसे वाटले. काही गावांना बारा वर्षं दरमहा, काहींना दोन वर्षं दरमहा, काहींना एकरकमी. पैसे थेट मोबाइलवर. त्यांतल्या शंभर गावांना मात्र काहीच नाही, ती तुलनेसाठी. हा अभ्यास करणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी आहेत. पैसा सगळ्यांना पुरणार नसेल तर चिठ्ठी टाकणं हा वाटणीचा प्रामाणिक मार्ग आहे. पहिल्या दोन वर्षांचं चित्र असं दिसलं की, पैसे मिळाल्याने लोक आळशी झाले नाहीत, आणि एकरकमी रक्कम किंवा दीर्घ मुदतीची हमी मिळालेल्यांनी धंदे सुरू केले. लाडकी बहीण योजनेवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंनी हे निष्कर्ष नजरेखालून घालावेत. पण त्या शंभर गावांचं काय? तिथल्या बायकांनीही तासन्‌तास प्रश्नावल्यांची उत्तरं दिली. किती खाल्लं, किती कमावलं, घरात कोण आजारी पडलं, सगळं सांगितलं. त्यांच्या उत्तरांशिवाय या अभ्यासाला काडीची किंमत उरली नसती. निकाल सांगायला कुणी जाणार असेल, तर त्याने आधी त्या शंभर गावांत जावं.

रक्त देणाऱ्यांच्या पदरात काय पडलं, याचं आणखी एक उदाहरण. नैरोबीच्या माजेंगो वस्तीतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांचा अभ्यास १९८० च्या दशकात सुरू झाला. वारंवार संसर्गाच्या संपर्कात येऊनही त्यांच्यातल्या काहींना एचआयव्ही झाला नाही. शास्त्रज्ञ चकित झाले आणि त्यांच्या रक्तातून लशीची कल्पना निघाली. २००१ मध्ये नैरोबीत तिची मानवी चाचणी सुरू झाली आणि पुढे ती लस अपयशी ठरली. त्या बायकांना प्रत्यक्ष उपयोग झाला तो दवाखान्याचा, आणि एलिझाबेथ न्गुगी या परिचारिका-प्राध्यापिकेचा. त्यांनी वस्तीतल्या बायकांना एकत्र बसवलं, त्यांच्याशी बरोबरीने बोलल्या, निरोधचा वापर वाढवला. लशीचे मथळे झाले. न्गुगींच्या बैठकांनी मात्र किती जीव वाचवले, याबद्दल आपण अजून पुरेसं बोललेलो नाही.

आता पुण्याकडे येऊ. मलेरियावरची ‘आर-२१’ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर बनू शकणारी लस आपल्या शहरातून जाते, याचा अभिमान मलाही आहे. पण तिच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीसाठी दंड पुढे केले ते बुर्किना फासो, माली, टांझानियातलं बागामोयो आणि पुन्हा आपलं किलिफी इथल्या जवळपास ४८०० बाळांनी. लस पुण्याची, दंड त्यांचा. आपल्याकडच्या कौतुकाच्या बातम्यांत ही गावं मला फार क्वचित दिसली. ती दिसली पाहिजेत.

किलिफीत एक चांगली पद्धत रुजली आहे. रहिवासी आपल्यातून प्रतिनिधी निवडतात. ते संशोधकांना भेटतात, गावाच्या शंका मांडतात. रक्त नेमकं कुठे जातं, एवढं का घेता, ते विकलं जातं का, हे प्रश्न तिथे उघड विचारले गेले आहेत. काही शहाणे याला अडाणीपणा म्हणतात. अडाणीपणा कसला? नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले जातात, काही परदेशीही जातात. ज्याचं रक्त त्याने चौकशी करायची नाही, तर कुणी करायची?

शिवाय आता पैशाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि आफ्रिकेतले कितीतरी अभ्यास जागच्या जागी थांबले. पाठोपाठ केनियासह अनेक देशांत कुटुंब-आरोग्याची पाहणी करायला मदत करणारा मोठा कार्यक्रमही बंद झाला. अमेरिकेतल्या एका सहीने सामील झालेल्या माणसांना वाऱ्यावर सोडता येत असेल, तर सुरुवातीला घेतलेल्या त्यांच्या सहीला अर्थ काय?

म्हणून मागणी साधी आहे. केनियात संशोधनाला सरकारी परवाना आणि नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. त्या अर्जात तीन खर्च वेगळे दाखवायला लावावेत. अभ्यास मध्येच थांबला तर सामील माणसांच्या उपचारांचा. निकाल छापून येण्याआधी तो गावाच्या सभेत, गावाच्या भाषेत सांगण्याचा. आणि उपचार यशस्वी ठरला तर त्याच गावाला तो किती महिन्यांत आणि कुणाच्या पैशाने मिळणार, याचा. यातला एक जरी खर्च दिसला नाही, तर समितीने अर्ज तसाच परत पाठवावा.