आज काय आहे?

जूनमध्ये आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. घरची चौदा माणसं रविवारी दुपारी एकत्र जेवणार, असं ठरलं. त्यासाठी मला फक्त चार गोष्टी माहीत व्हायला हव्या होत्या. हॉटेल रविवारी दुपारी उघडं असतं का, जिना चढावा लागतो का, आईच्या कवळीला झेपेल असं काय मिळतं आणि माणशी किती पडतात. या चार प्रश्नांसाठी मी त्या हॉटेलाच्या वेबसाइटवर पावणेदोन तास काढले. इतका वेळ मी पुण्यातल्या कुठल्याही हॉटेलात बसलेलो नाही. बसू देत नाहीत.

हॉटेलाचं नाव सांगत नाही. बाणेरकडे आहे, एवढं पुरे. हेही मला पुतण्याकडून कळलं. वेबसाइटवर पत्त्याच्या जागी लिहिलं होतं की हे स्थळ ‘शहराच्या हृदयात, तरीही शहराच्या गोंगाटापासून दूर’ आहे. पुण्यात पत्ता म्हणजे अमक्या मारुतीसमोरून डावीकडे, तमक्या डेअरीच्या वर. रिक्षावाल्याला ‘हृदयात’ म्हटलं तर तो हाफ रिटर्न मागेल.

पान उघडलं की आधी एक वर्तुळ फिरतं. वर्तुळ दमलं की अंधार होतो आणि अंधारातून तबला, गिटार आणि कुणीतरी घशात धरलेला ‘आ’ एकदम सुरू होतो. रात्रीचे अकरा वाजले होते. मी घाबरून फोन उशीखाली घातला. “अहो, उशीतून येतंय ते, बंद करा,” असं बायको म्हणाली. पण बंद करायचं बटण व्हिडिओच्या खाली होतं आणि व्हिडिओ संपेपर्यंत खाली जाता येत नव्हतं. व्हिडिओत सोलकढी होती. पितळी भांड्यातून पितळी पेल्यात, अत्यंत सावकाश. अकरा सेकंद ती नुसती पडत होती. एवढ्या वेळात आमच्याकडे चौदा माणसांना वाढून होतं.

सकाळी हे आईनं पाहिलं. चष्मा वर करून, फोन लांब धरून तिनं तो अकरा सेकंदांचा प्रपात दोनदा पाहिला. “रंग बघ काय आलाय. आमसुलं चांगली दिसतायत,” ती म्हणाली. “इथेच जाऊ.” मग इतर हॉटेलांचा प्रश्नच उरला नाही.

हॉटेलवाल्यांचं हे चलतचित्रांचं वेड आजचं नाही. मागे त्यांच्या वेबसाइट फ्लॅश नावाच्या तंत्रात बांधलेल्या असत. मेनूची पानं कागदासारखी उलटायची, वाफा निघायच्या, काटे-चमचे नाचायचे. २००७ साली आयफोन आला आणि त्यावर फ्लॅश चालेना. म्हणजे रस्त्यात उभा राहून जेवायची जागा शोधणाऱ्या माणसालाच तेवढी रिकामी चौकट दिसे. घरी जेवून खुर्चीत बसलेल्याला सगळं नीट दिसे. २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅशचं तेरावं घातलं. पण आत्मा अमर आहे. त्यानं आता व्हिडिओचा देह धारण केलाय.

‘आमच्याविषयी’ या भागात एक आजी होती. अशा प्रत्येक हॉटेलाला एक आजी असते. ती कोकणात किंवा गोव्यात राहते, चुलीवर करते, मोजून मापून काही घालत नाही आणि लहानपणी मालक तिच्या पदराला धरून बसलेले असतात. मोजून मापून न घालणाऱ्या आजीच्या पदार्थाची किंमत ६४५ रुपये अशी पाचाच्या हिशेबानं कशी काढतात, हे तिथे दिलेलं नव्हतं. आमची स्वतःची आजी साताऱ्यात सलग तीन दिवस शेपू करायची. पदराला धरावं असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आजीच्या खाली मालकांचं तत्त्वज्ञान होतं. जेवण हा अनुभव नसून संवाद आहे. इथे मी थोडा हललो, कारण संवाद मलाही हवा होता. फोन नंबर शोधायला लागलो. तो शेवटी सापडला. काळ्यावर सोनेरी, नक्षीदार अक्षरांत, चित्राचा भाग म्हणून. बोट ठेवलं तर फोन लागत नाही आणि उतरवूनही घेता येत नाही. वहीत लिहून घेतला. त्यातला एक आकडा एक होता की सात, यावर घरात दोन तट पडले.

आता मेनू. मी ‘मेनू’वर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. काही झालं नाही असं मला वाटत होतं, पण फोन गुपचूप फाइली उतरवत बसला होता. ‘मेनू फायनल नवा’, ‘मेनू फायनल नवा एक’, ‘मेनू फायनल नवा दोन’. उघडल्यावर पहिल्याच पानावर ‘दिवाळी २०२२ विशेष’ असं निघालं.

ती पीडीएफ होती. पीडीएफ १९९३ साली निघाली, ती कागदाचं पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं आणि छापता यावं म्हणून. तिनं शब्द पाळला आहे. चहाच्या ट्रेएवढ्या पुठ्ठ्यासाठी केलेला मेनू माझ्या तळहातावर ट्रेएवढाच राहिला, मी फक्त खिडकीच्या फटीतून तो बघत होतो. दोन बोटांनी ताणला तेव्हा डाव्या कडेला पदार्थ वाचता आला. किंमत उजव्या कडेला. मध्ये ठिपक्यांची लांबच लांब वाट. त्या ठिपक्यांवरून बोट सरकवत निघालो तर निम्म्या वाटेत ओळ सुटायची आणि मी कुठल्यातरी ६४५ वर पोचायचो. हे ६४५ वालाच्या बिरड्याचे की भरल्या पापलेटाचे, यावर आमचा पूर्ण रविवार अवलंबून होता. परत मागे. परत ठिपके. “पट्टी लावा ना,” बायको म्हणाली. मी मुलाच्या कंपासातली सहा इंची पट्टी फोनवर लावली. ओळ सापडली, पण पट्टी धरणाऱ्या हाताचा पंजा काचेला टेकला आणि पान उडी मारून मॉकटेल्सवर गेलं.

भरल्या पापलेटापुढे किंमत नव्हतीच. ‘बाजारभावाप्रमाणे’ असं होतं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात कर वेगळे. ५ टक्के जीएसटी. सेवाशुल्काचा उल्लेख नव्हता. ते बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. पण घेतात का, किती घेतात, नको म्हटलं तर वाढप्याचं तोंड कसं होतं, हे आधी कळलं असतं तर बरं. त्या जागी आजीचा आणखी एक फोटो होता.

मी साताऱ्याहून पुण्याला शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेत एका मावशींच्या मेसला जेवायचो. दाराशी खुंटीला फळा. त्यावर खडूनं आजची भाजी, आजची उसळ, ‘रविवारी रात्री बंद’ आणि ‘खाडे आदल्या दिवशी सांगावेत’. फीस्ट असली की तिला तेवढी चौकट. मावशींचं पाकशास्त्राविषयी काय तत्त्वज्ञान होतं ते आम्हाला चार वर्षांत कळलं नाही. पण भाजी संपली की त्या आतून यायच्या आणि फळ्यावरची भाजी अंगठ्यानं पुसायच्या. सायकलला स्टँड लावायच्या आधीच कळायचं की आज फ्लॉवर नाही. त्या अंगठ्याच्या कामाला आता सॉफ्टवेअरवाले रिअल टाइम अपडेट म्हणतात आणि वर्षाची वर्गणी घेतात.

पुण्याच्या पाट्यांची टिंगल करण्यात माझाही हातभार आहे. तो मी मागे घेतो. ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाच शब्दांत उद्धटपणा असेल, पण माहिती आहे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ यात तर नकाशाच आहे. याउलट बाणेरच्या मंडळींनी वेळेच्या जागी ‘आमची दारं तुमच्यासाठी सदैव उघडी’ असं लिहिलं होतं. पुतण्याच्या माहितीनुसार साडेतीन ते सात ती बंद असतात आणि मंगळवारी पूर्ण बंद.

फ्रान्समध्ये १९०० साली मिशेलिन कंपनीनं मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका फुकट वाटली. पेट्रोल कुठे, पंक्चर कोण काढेल, मुक्काम कुठे करावा. तारे द्यायला त्यांनी १९२६ साली सुरुवात केली, म्हणजे आधी पत्ता सांगितला, मग कौतुक केलं. हे टायरवाल्यांना सुचलं.

टेबल राखून ठेवायचा अर्ज मी रात्री साडेबाराला भरला. नाव, ईमेल, जन्मतारीख, लग्नाची तारीख. मध्येच पडदा आला, ‘आमच्या परिवारात सामील व्हा’. माझा परिवार आधीच चौदा जणांचा होता, त्याचीच सोय बघत होतो. माणसांचा आकडा आठच्या पुढे जाईना. आठाहून जास्त असाल तर आमची इव्हेंट टीम संपर्क करेल, असं आलं. केला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी बँकेत रांगेत असताना.

“सर, ऑकेजन काय आहे?”

“आईला ऐंशी.”

“ओके. एटीज.”

मला वाटलं इंग्रजीत उतरवून घेतेय. मी “हो” म्हणालो.

“सुपर, सर. करून देऊ. बजेट?”

“ते मेनू कळल्यावर सांगतो. लिफ्ट आहे का?”

“सर, ॲम्बियन्स खूप मस्त आहे.”

“नाही, आईचे गुडघे. जिना आहे का?”

“जिना तर सर एकदम इन्स्टाग्रामेबल आहे. लोक खास त्यासाठी येतात.”

“मऊ वरणभात मिळेल?”

“शेफशी कनेक्ट करून सांगते, सर.” माझा नंबर लागला म्हणून मी फोन ठेवला. कनेक्ट कुणी केलं नाही. आगाऊ दोन हजार मात्र त्यांनी तत्परतेनं कनेक्ट करून घेतले.

जिना खरंच लोक खास येतील असा होता. बावीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एकेक शब्द रंगवलेला. ‘प्रेम’, ‘माती’, ‘चूल’, ‘पाऊस’ असं करत वर जायचं. आई दोन्ही बाजूंनी धरून एकेक शब्द चढत होती. ‘चूल’वर तिनं दम घेतला. ‘आठवण’ला पोचल्यावर तिथे बसलीच. पाच मिनिटं ती ‘आठवण’वर बसून होती आणि वरून उतरणारी दोन मुलं तिच्याकडे बघून थांबली. आजी शब्दाचा अर्थ लावतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फोटो काढला. आता तो वेबसाइटवर येईल.

वर गेलो तर छताला आरशांचा गोळा फिरत होता. भिंतीवर पुठ्ठ्याच्या कॅसेटी, पुठ्ठ्याचा टेपरेकॉर्डर आणि चमकीची अक्षरं, ‘बॅक टू द एटीज’. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मीही आयुष्यात पहिल्यांदा पुठ्ठ्याचा टेपरेकॉर्डर बघतोय असं दाखवत राहिलो. आई खुर्चीत टेकली, वर पाहिलं आणि म्हणाली, “झुंबर छान आहे. फिरतंय पण.”

टेबलावर मेनू नव्हता. लाकडाच्या ठोकळ्यावर क्यूआर कोड होता. जपानमध्ये १९९४ साली हा प्रकार काढला तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. करोनाच्या काळात त्यानं हॉटेलातला मेनूचा पुठ्ठा खाल्ला आणि साथ गेल्यावरही परत ओकला नाही. सगळ्यांनी फोन काढले, ठोकळा हातोहात फिरला, आणि एकामागून एक तबला, गिटार आणि तो ‘आ’ सुरू झाला. एकाच वेळी नव्हे, प्रत्येकाचा दोन-दोन सेकंद मागेपुढे. तेरा फोनांवर तेरा सोलकढ्या वेगवेगळ्या उंचीवरून पडत होत्या. रेंजही जेमतेम. पुतण्याची सोलकढी हवेतच थांबली.

चौदावा फोन आईचा. बटणांचा. तो तिनं पिशवीत ठेवला आणि काळा एप्रन घातलेल्या मुलाला हाक मारली.

“बाळ, आज काय आहे?”

मुलानं मान वळवून काउंटरकडे बघितलं. मॅनेजर फोनवर होता. मग तो जरा वाकला, हात मागे बांधले आणि एका दमात सुरू झाला. मटारची उसळ तीनशे वीस, भरली वांगी तीनशे चाळीस, ती तिखट आहेत, तुम्ही नका घेऊ, बिरडं साडेतीनशे पण आजचं नाही कालचं आहे, तांदळाची भाकरी साठ, आमटी दोनशे, पापलेट मोठं आठशे, लहान घेऊ नका, वरणभात कार्डावर नाही पण स्टाफला केलाय, मऊ हवा तर कालवून आणतो, दहा टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, नको असला तर आधी सांगा.

आम्ही तेरा जण फोन हातात धरून ऐकत होतो. आधी लक्ष्मी रोडला एका जुन्या हॉटेलात होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

“वरणभात आण,” आई म्हणाली. “आणि सोलकढी. एक नको, दोन आण.”

“सोलकढी आपल्याकडे नसते, आजी,” तो म्हणाला. “ती शूटिंगवाले घेऊन आले होते.”