साजगावच्या जत्रेत 'एम' मोड कसा मिरवावा

नवा कॅमेरा घेतलेल्याने सोबतची पुस्तिका उघडू नये. कार्तिकी एकादशीची वाट पाहावी. त्या दिवशी खोपोलीजवळ साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा सुरू होते, ती पंधरवडाभर चालते. तुकाराम महाराज इथे मिरच्या विकायला येत, अशी आख्यायिका आहे. तेव्हा धंदा न जमणाऱ्या माणसाला हे गाव सांभाळून घेईल, अशी श्रद्धा ठेवावी.

कॅमेऱ्याची चकती 'एम'वर ठेवूनच एसटीतून उतरावे. हिरवा 'ऑटो' दिसला तर शेंबडी पोरेही हसतात. 'एम'मध्ये शटर, ॲपर्चर, आयएसओ सगळे आपण ठरवायचे. म्हणजे फोटो काळाकुट्ट आला तर खापर फोडायला कोणी नाही. हे ध्यानात आले की चकती गुपचूप 'पी'वर न्यावी. तिथे शटर आणि ॲपर्चर कॅमेरा बघतो. ही सोय १९७८च्या कॅनन ए-वनमध्येही होती, त्यामुळे 'जुन्या पद्धतीने काढतो' असे म्हणायला हरकत नाही.

पहिला मुक्काम बैलबाजार. पांढराशुभ्र बैल चौकटभर घ्यावा. तो मळकट करडा येईल आणि मालक म्हणेल, "काल धुतलाय हो त्याला!" त्याचे खरे आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे जग मध्यम करडेच आहे असे धरून चालतो. पांढऱ्याला तो काळवंडतो, काळ्या घोंगड्यांच्या ढिगाला धुऊन काढतो. म्हणून बैलाला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक द्यावे, घोंगड्यांना उणे एक. एवढे एक कळले तरी जत्रेचे भाडे वसूल झाले. पण ते कोणाला सांगू नये.

सुक्या मासळीपाशी 'ए' लावावा, म्हणजे ॲपर्चर आपल्या हाती. कॅननवाले त्याला 'एव्ही' म्हणतात. एफ १.८ ठेवून जवळ गेल्यास एका बोंबलाचा डोळा स्वच्छ आणि बाकी बाजार धूसर येतो. याला कला म्हणतात. एफचा आकडा लहान तर ॲपर्चरचे भोक मोठे, कारण फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासाने भागून तो आकडा निघतो. हे गणित मासळीवाल्या मावशींना समजावू नये. "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" असे विचारल्यावर पाव किलो घ्यावे.

रात्री आकाशपाळण्याला 'एस', म्हणजे शटर आपल्या हाती. कॅननवर तोच 'टीव्ही', पण त्यावर मालिका दिसत नाहीत. १/५०० सेकंदाला फिरता पाळणा बंद पडल्यासारखा दिसतो, ते पाळणेवाल्याला दाखवू नये. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची; काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि जलद शटरला फोटोत काळे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० बरे. तिपाईवर एक सेकंद दिला तर प्रकाशाची वर्तुळे मिळतात, मात्र तिपाईचा तिसरा पाय कोणाच्या तरी पायावर असतो.

निघताना बैलमालक फोटो व्हॉट्सॲपवर मागेल. तेव्हा गंभीर चेहऱ्याने "रॉमध्ये काढलाय, प्रोसेस करावा लागेल" असे सांगावे आणि बैलाचा फोटो त्याच्याच मोबाइलने काढून द्यावा.